बायकांच्या रांगेतला दत्तू

माझा मेहुणा दत्तू बायकांच्या रांगेत उभा राहतो. पालघरला छातीच्या गाठी तपासायचं शिबिर लागलं की हा चिंचणीहून पहिल्या एसटीनं हजर. पांढऱ्या मिशा, हातात चिकूची पिशवी. नर्स म्हणते, "काका, ही लेडीज लाइन हाय." हा म्हणतो, "बाप्यालाबी होतो तो रोग. कमी होतो, पण होतो. आमी उभं राहणार." मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसतात, आणि लाजून परत निघालेली एखादी थांबते. त्याला तेवढंच पाहिजे असतं.

दत्तू म्हणजे माझ्या कमळचा धाकटा भाऊ. कमळ छातीच्या कॅन्सरनं गेली. तिची आई तशीच गेली, आजीही तशीच. गावात कोण म्हणे घराला शाप आहे, कोण म्हणे तारापूरच्या अणुवीजघरामुळं झालं. दत्तू उसळतो, "आजी गेली तेवा तिथं माळ होता, माळ! बीजातली चूक हाय ही."

मग तो माणसाला धरून वाडीत नेतो. तिथं चिकूच्या एका झाडाची एकच फांदी लांबोडकी फळं देते. "बघा. झाड वाढताना आतला मजकूर पेशीपेशीत उतरवला जातो. उतरवताना एक अक्षर चुकलं, फांदी बदलली. आपल्या अंगातबी तसंच. लय चुका कायबी करत नाय. एखादी अंगाला खाते. काही उन्हानं होतात, धुरानं, तंबाखूनं. काही कशानंच नाय, नुसत्या होतात. त्या आपल्यापुरत्या. पण आईबापाच्या बीजातून आलेली पोरांकडं जाऊ शकते. येईल नायतर नाय येणार, अर्धी-अर्धी."

मी चौथीपर्यंत शिकलो. त्या फांदीखाली उभं राहून मला कळलं.

कुणाच्या तेराव्याला गेला तरी हा विचारणार, "आत्या कशानं गेली? मावशी?" एकदा एक म्हातारी चिडली, "दत्तू, जेवायला आलास का शिरगणती करायला?"

"दोनीला, काकी. वाढा."

आमची लेक सुनंदा बोईसरला कारखान्यात पॅकिंगला आहे. आईचा दोष तिच्यात आला का, हे रक्तावरून कळतं. पण ती ऐकेना. "कळून काय करू, मामा? मरायच्या आधीच मरू?"

कमळ गेल्यावरची पहिली भाऊबीज आली. दत्तूला ओवाळायला बहीण नाही. सुनंदानं तबक घेतलं. त्यानं ओवाळून घेतलं, पण तबकात काही टाकलं नाही. "यंदा उलटं. ओवाळणी तू मला दे. तुझं रगत दे."

भांडली, रडली, "असला मामा कुणाला नसावा" म्हणाली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याच्याबरोबर मुंबईला गेली.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. दोष निघाला. गाठ कसलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, नेमानं तपासत राहू, लवकर सापडलं तर उपाय होतो. माझी पोर रडली नाही. म्हणाली, "पुढची तारीख कधीची देता?" माझी छाती फुगली. ते ऐकायला कमळ हवी होती.

येताना मनोरला जेवायला थांबलो. दत्तू ताटाला हात लावेना. सुनंदानं विचारलं, "मामा, माझ्या आधी तूबी रगत दिलं होतंस ना? तुझं काय निघालं?"

चोरी पकडल्यासारखा तो खाली बघू लागला. "साफ."

"मग सांगितलं का नाय?"

"कुठल्या तोंडानं सांगू? एका आईची आमी दोगं. तिला धरलं, मला सोडलं. आक्का गेली नि मी फुकटचा जगतोय, बाय."

सुनंदानं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. "फुकटचा कसा? मला आता दर वेळी तपासणीला न्यायचंय. तुला काय झालं असतं तर माझ्याबरोबर कोण आलं असतं? खा."

तो रडत रडत जेवला, मिशा पुसत. आणि वर आणखी एक भाकरी मागितली.