ताईची पेटी

माझ्याइतकं चोख नियोजन अख्ख्या पनवेलात कुणाला जमत नाही, असं मला परवापरवापर्यंत वाटायचं. कॉलेजच्या फॉर्ममध्ये तीन रकाने होते: संगीत, शिकवणी, समाजसेवा. माझ्या मैत्रिणी तीन ठिकाणी धावून घामाघूम झाल्या. मी म्हटलं, वेड्याच आहेत! कोन गावाच्या पुढे डोंगराला टेकून एक वाडी आहे, तिथे मी दर रविवारी मुलांना वाचायला शिकवते. तिथेच आपली पेटी नेऊन वाजवायची. एका तासात तिन्ही रकाने भरले! आभा, तुला डोकं आहे, असं मी स्वतःलाच म्हणाले, कारण आमच्या घरात दुसरं कुणी म्हणत नाही.

वाडीतली माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी बुधी, ठमाबाईंची मुलगी. आठ दिवसांनी, सोमवारी, ती आश्रमशाळेच्या वसतिगृहात जायची होती. त्या रविवारी तिने वाचायला घेतली ती वसतिगृहाची यादी: चादर, ताट-वाटी, कुलपाची पेटी. एक अक्षर चुकली नाही. मी शाबासकी दिली आणि त्याच दमात जाहीर केलं की पुढच्या रविवारी मी पेटी आणणार आहे.

बुधीचे डोळे हे एवढे झाले. "किती मोठी हाय?"

मी हात पसरून दाखवले. "एवढी."

"झाकन हाय?"

"झाकण आहे, कड्या आहेत, उचलायला मूठसुद्धा आहे."

"मना देशील?"

"आधी तुलाच देणार!"

काय हा संगीताचा ओढा, असं मनात म्हणत मी तरंगतच घरी आले. तिकडे ठमाबाईंनी बुधीच्या शुक्रामामाची जुनी पत्र्याची पेटी नको म्हणून परत पाठवली, ताई नवी आणतेय म्हणून. मामांनी ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. हे मला नंतर कळलं. मला सगळंच नंतर कळतं.

रविवारी बाबांना फोटो काढायला घेऊन गेले. बाबा रिक्षात पेटी मांडीवर धरून कुरकुरत होते. वाडीत अंगण सारवलेलं, सगळे जमलेले, आणि बुधी पुढे बसलेली. तिच्या मांडीवर घड्या घातलेले फ्रॉक आणि चादर. मी बाबांना म्हटलं, बघा, कार्यक्रमासाठी कपडेसुद्धा काढून ठेवलेत! बाबांनी फोटो काढला.

मग मी झाकण काढलं.

बुधी वाकून बघत राहिली. तिने पांढऱ्या पट्ट्यांवरून हात फिरवला, मागचा भाता उघडला आणि त्या फटीत एक फ्रॉक अलगद सरकवून पाहिला. पेटी कण्हली. मुलं हसली. मीही हसले, देवा, मीही हसले.

"ताई," ती हळूच म्हणाली, "यात चादर मावाची नाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाकी सगळं सोडा, पण त्यानंतर मी काय केलं असेल? बाबांनी व्हिडिओ सुरू केला होता, म्हणून मी सा रे ग म वाजवलं! पूर्ण! मग तिला सांगितलं की पुढच्या रविवारी खरी पेटी आणते. ती म्हणाली, उद्याच जायचंय. त्या संध्याकाळी पनवेलचा बाजार उघडा होता. तासाभराचं काम होतं. मी फोटो निवडत बसले.

पुढच्या रविवारी नवीकोरी पत्र्याची पेटी, कुलूप-किल्लीसकट, घेऊन गेले. दारात ठमाबाई एकट्याच होत्या.

"सामान गोणीत भरून गेली," त्या म्हणाल्या. "रडली नाय. पन गाडीत बसताना सगल्यांना सांगत व्हती, माजी पेटी ताईकडं हाय." मग त्यांनीच मला पाणी दिलं. दिवाळीच्या सुट्टीत आली की नेईल, म्हणून पेटी आत ठेवून घेतली.

फॉर्म भरून पाठवला. तिन्ही रकान्यांना एकच फोटो जोडलाय. सगळे म्हणतात, ती मुलगी काय गोड हसतेय. हसतेय खरी. तो फोटो झाकण काढायच्या आधीचा आहे.