एबेलला मरू द्या!

या, असे जवळ सरकून बसा. मागच्या बाकावरून ना भजन अंगात भिनतं, ना गोष्ट. आजची गोष्ट एका संतापलेल्या बाईची आहे. राग वाईट, हे आपण दर रविवारी ऐकतो. पण देव कधीकधी त्या रागालाही कामाला जुंपतो, ते ऐका.

सोमवारी सकाळी मिस ऑगस्टा विंटल ‘रविवारचा दिवा’ या मुलांच्या साप्ताहिकाच्या कचेरीत शिरल्या त्या छत्री रोखूनच. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या धुक्यानंसुद्धा त्यांना वाट दिली असावी.

“हे काय आहे?” ताजा अंक त्यांनी संपादक हॅलिवेल यांच्या टेबलावर आपटला.

त्यांची ‘छोटा एबेल’ ही गोष्ट त्यात क्रमशः येत होती. माळ्यावरच्या गारठ्यात खोकणारा, स्तोत्रं गाणारा, दारुड्या बापासाठी प्रार्थना करणारा एबेल. पुढच्या अंकात तो प्राण सोडणार होता आणि बापाची दारू सुटणार होती. या अंकातल्या चित्राखाली ओळ होती, ‘एबेल देवाघरी निघाला’. चित्रात मात्र एक पोरगा दातांत सुरा धरून जहाजाच्या डोलकाठीवर चढत होता.

“छपाईत चित्रांचे ठोकळे बदलले हो,” हॅलिवेल कपाळ चोळत म्हणाले. “नवं चित्र कोरायला सवड कुणाला असते? फळीवरचे जुने लाकडी ठोकळे काढायचे, गोष्टीला जवळचं दिसेल ते लावायचं. तुमचा मरणाचा बिछाना चाचेगिरीच्या गोष्टीत गेला.”

“म्हणजे त्यांचा चाच्यांचा सरदार…”

“उशीला टेकून हात जोडतोय. ते लेखकही आत्ताच मला शिव्या घालून गेले.”

“मग चूक कबूल करा, आणि माझ्या एबेलला मरू द्या!”

“मरू द्या?” आता हॅलिवेलही भडकले. “बाई, अंक हातोहात संपला! एबेल जहाजावर चढला कसा, म्हणून पोरं दार ठोकताहेत. त्याला माराल तर माझ्या खिडकीची एक काच शाबूत राहायची नाही. शनिवारच्या अंकात मला जहाज पाहिजे!”

एबेलच्या मरणावर बाईंचं काय अडलं होतं, ते हॅलिवेल बिचाऱ्यांना काय ठाऊक? बाईंचा भाऊ जेथ्रो चांभारकाम करायचा. बायको गेल्यापासून त्याची प्रत्येक संध्याकाळ ‘काळा हंस’ नावाच्या गुत्त्यात जायची. शनिवारी ताजा भाग बाई त्याला मोठ्यानं वाचून दाखवत. तो घोरत असे आणि वाचन संपलं की टोपी घालून चालता होत असे. निदान लेकराचं मरण ऐकून तरी हा पाघळेल, या एका आशेवर त्यांनी एबेलला इतके आठवडे खोकायला लावलं होतं.

घरी येऊन बाईंनी दौत पुढे ओढली, ती फोडायचीच बाकी ठेवली. “जहाज पाहिजे काय? घ्या जहाज!” एबेलनं गोधडी भिरकावली. दारूच्या नशेत पडलेल्या बापाला चाच्यांनी उचलून नेलं होतं, त्याच्यामागे तोही जहाजावर चढला. हुबेहूब हॅलिवेलसारखं नाक असलेल्या सरदाराला त्यानं नाकावरच हाणलं आणि रमची पिंपं एकामागून एक समुद्रात लोटली. शेवटी एबेल लोंबकळत होता तो दोर तुटत आला, खाली शार्क जबडा वासून. तिथं बाईंनी लेखणी आपटली.

शनिवारी वाचन संपलं तेव्हा जेथ्रो टोपी घालून दाराशी उभा होता. पण दार उघडलंच नव्हतं.

“मग?”

“मग काय? पुढल्या शनिवारी.”

“ऑगस्टा! पोर शार्कच्या तोंडाशी लोंबकळतंय आणि तू म्हणतेस पुढल्या शनिवारी? काळीज आहे का दगड?”

“अरे, मलाच माहीत नाही पुढचं!”

“मग बस आणि लिही!” त्यानं टोपी कोपऱ्यात फेकली. “वाचला का ते कळल्याशिवाय मी इथून हलत नाही.”

आणि खरोखर हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. मांडीवर बूट घेऊन तो रोज संध्याकाळी बहिणीशी भांडायचा.

“दोर पकडू दे ना त्याला!”

“आधी प्रार्थना करेल तो.”

“कर म्हणावं! पण एका हातानं. दुसऱ्या हातानं सुरा काढायला काय झालं?”

‘काळा हंस’चा मालक दोनदा चौकशीला आला. जेथ्रोनं त्याला पिटाळलं, “गप रे, वादळ चाललंय!”

वसंतात ‘रविवारचा दिवा’च्या आश्रयदात्या धर्मसमितीला या हाणामारीचा संताप आला. हॅलिवेल स्वतः घरी आले. “अभिनंदन, मिस विंटल. समितीचा हुकूम आहे. मारा एबेलला.”

बाई उभ्या राहिल्या. “त्याच्या केसाला धक्का लागला तर तुमच्या त्या समितीला जहाजावर चढवीन, एकेकाला नावानिशी!”

“अहो, पण तुम्हीच तर…”

“आणि तुम्हाला शार्ककडे देईन!” आतून जेथ्रो ओरडला.

वर्षं सरली, पण एबेलची गोष्ट सरली नाही. बेटं संपली, वादळं संपली, एका व्हेलनं त्याला गिळून परतही दिलं. मरायला मात्र त्याला कुणी सवड देईना.

तेव्हा मंडळी, आज दिवेलागणीला हात जोडाल तेव्हा ऑगस्टाबाईंची आठवण ठेवा. शनिवार उजाडलाय, भाऊ शुद्धीवर आहे, खुर्ची ओढून समोर बसलाय, आणि बाईंना अजून काहीच सुचलेलं नाही.