किल्ली दोन

१८ नोव्हेंबर. गच्चीवर भाताचं वाळवण होतं, ते मी पायाने हलवत होते. खालून दूधवाली हिरा ओरडली, "वैनी, सायेब दार उघडंना झाल्यात! अन् माजी चावी वर वाडीत ऱ्हायली."

साहेब म्हणजे आमचे भाडेकरू केतकर. निवृत्त, एकटे. धरणाच्या बाजूच्या आमच्या दोन खोल्यांत राहतात आणि मला 'किल्ली दोन' म्हणतात. हिरा किल्ली एक, किराणावाला सोपान किल्ली तीन. राहायला आल्या आल्या त्यांनी दाराच्या जादा किल्ल्या करून आम्हा तिघांना वाटल्या. "एकच प्रत असणं म्हणजे काहीच नसणं," हे त्यांचं पालुपद.

ही खोड नोकरीतली. सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी आयुष्यभर मोठे प्रकल्प चालवले. गावोगावच्या माणसांचं रक्त घ्यायचं, त्यातल्या जनुकांची माहिती कॉम्प्युटरवर चढवायची आणि कुठला आजार कुणाच्या घराण्यात का उतरतो ते शोधायचं. नाव काढून टाकायचं, नंबर ठेवायचा. माणसाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. माहितीच्या प्रती वेगवेगळ्या गावी ठेवायच्या. सर निवृत्त झाले, प्रकल्प मात्र आमच्याकडे चालू राहिला.

"काल एका स्त्रीने मला वांगी दिली. वय चाळीस ते साठ."

"सर, ती मीच होते."

"असेल. मी दुजोरा देऊ शकत नाही."

हिराच्या म्हशीचा फोटो काढायलाही त्यांनी परवानगी मागितली. हिरा म्हणाली, "मला काय इचारता? तिला इचारा." त्यांनी विचारलं.

सगळ्यात मोठा ताप म्हणजे तपासणी. "न तपासलेली प्रत ही प्रतच नव्हे." म्हणून आठवड्यातून एकदा, ज्याच्या त्याच्या वारी, आम्ही जायचं, कुलूप उघडायचं आणि "चालते" म्हणायचं. मग चहा. माझा वार बुधवार. आतून कडी ते कधीच लावत नाहीत, लावली तर आमच्या प्रतींचा उपयोग काय? मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, पितळेची किल्ली आहे. आठवड्याभरात काय झिजतेय?"

"डेटा असाच गाफील ठेवून दगा देतो," ते म्हणाले.

त्या सकाळी किल्ली पहिल्या झटक्याला लागली नाही. कुलूप ठीक होतं, मीच ती उलटी घातली होती.

आत न्हाणीच्या दाराशी सर जमिनीवर बसलेले, एक पाय लांब, घोटा टम्म सुजलेला. आम्हाला बघून पहिला प्रश्न, "कोणती प्रत वापरलीत?"

"दोन नंबर," मी म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला.

"छान. म्हणजे यंत्रणा चालते."

"गप बसा!" हिरा कडाडली. "हितं आमचं काळीज तोंडात आलं हुतं, अन् ह्यांचं आपलं यंत्रणा, यंत्रणा!"

सोपानच्या गाडीतून डॉक्टरकडे नेलं. हाड शाबूत, नुसतं मुरगळलेलं. घरी आणून निजवलं आणि मी चहा करायला गेले. त्यांच्या ओट्याशी मी पहिल्यांदाच उभी होते. एरवी आम्ही पोचायच्या आत चहा तयार असतो.

फळीवर तीन कप, प्रत्येकाखाली फळीला आकडा चिकटवलेला. एकपाशी गुळाचा डबा, कारण हिराला गुळाचाच लागतो. तीनपाशी सोपानची खारी. दोनपाशी साखरेऐवजी टाकायच्या गोळ्या. मला शुगर निघाल्याचं मी एकदाच, जाता जाता बोलले होते. चौथा कप शोधला, नव्हता. ते स्वतः स्टीलच्या पेल्यात पितात. आणि किल्ल्या चालतात हे तर त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं असणार.

"सर, घरात तीनच कप?"

"प्रती तीनच आहेत ना," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळून पडले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सकाळी वाळवण पसरलं आणि किल्ली लावून आत गेले.

"चालते," मी म्हटलं.

"तुमचा वार उद्या आहे," सर अंथरुणातून म्हणाले.

"माहीत आहे." मी चहा टाकला, त्यांचा पेला बाजूला सारला आणि घरून आणलेला कप त्यांच्यापुढे ठेवला.