निकेलबुवांची पळी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे निकेलबुवा म्हणत, आणि त्यांना ते आवडायचंही. छतावर पडणाऱ्या उन्हाच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढायला महागडं प्लॅटिनम कशाला, निकेलची स्वस्त जाळी उत्प्रेरक म्हणून पुरते, आणि तीही निव्वळ शुद्ध निकेलची, असा त्यांचा दावा होता. उद्या पाहणीला परीक्षक बाई येणार होत्या. जाळीवर बुडबुडे उसळले तर काम चालू, नाहीतर प्रयोगशाळेला टाळं.

मग बुवांनी साफसफाईच काढली. भांडी घासली, क्षाराचं पाणी नवं भरलं. ते ढवळायची काचेची कांडी फुटल्यापासून घरातली गंजकी लोखंडी पळीच वापरात होती. नवी कांडी आली, तशी पळी धुऊनपुसून घरी पोचती झाली.

"सुटली बिचारी," बायको म्हणाली. "तुमच्या शास्त्रात माझ्या स्वयंपाकघराचं काय काम होतं?"

"काडीचंही नाही," बुवा म्हणाले.

सकाळी वीज दिली, तर एरवी दुधासारखे उतू जाणारे बुडबुडे उपकार केल्यासारखे एकेक करून वर येऊ लागले. बुवांनी तारा बदलल्या, जाळी उलटी टांगली, वीज वाढवली. फरक शून्य. काल काय होतं जे आज नाही, असं पुटपुटत ते टेबलाभोवती फिरत राहिले, आणि नव्या कांडीपाशी आल्यावर त्यांचे पाय थांबले. त्यांनी घरी फोन लावला.

बायको पळी घेऊन आली, तेव्हा परीक्षक बाईही दारात होत्या. पाठमोरं होऊन गुपचूप ढवळता आलं असतं. पण बुवांना स्वतःचीच लाज वाटली.

"बाई, निकेलला एकट्याला जमत नाही," ते म्हणाले. "त्याला चिमूटभर लोखंड लागतं. ते या पळीच्या गंजातून येत होतं. मला आजच कळलं."

त्यांनी सर्वांसमोर ढवळलं. हळूहळू जाळी बुडबुड्यांनी भरून गेली. बाई बराच वेळ वाकून बघत होत्या.

"म्हणजे तुमचा दावा चुकला."

"हो."

"पण पाणी छान फुटतंय. लोखंड नेमकं किती लागतं ते शोधा, काम चालू ठेवा. आणि तोवर ही पळी इथून हलवू नका."

बुवांनी भीतभीत बायकोकडे पाहिलं. ती पळीकडेच बघत होती.

"येताना बाजारातून दोन पळ्या घेऊन या," ती म्हणाली. "एक घरात राहील, आणि दुसरी तुम्ही उचलालच."