चाखणारणीचे गुडघे आणि राणीसाहेबांची गोळी

श्रीसूर्यनारायण प्रसन्न असोत, ऐकणाऱ्यांचे सांधे धड राहोत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, एके राज्यी राणी रखमाऊसाहेब गरोदर जाहल्या. मागील खेपेस रक्तदाब चढोन, झटके येऊन, लेकरू हातचे गेले होते. ते दुःख बाईंनी कोणापाशी बोलले नाही, आणि यंदा मूल मांडीवर यावे इतुकेच मनी धरिले. वेणूबाई डाक्तरीण यांनी रक्त तपासोन अर्ज केला की, "बाईसाहेब, घराण्याचा पडदा कडक, अंगास ऊन ठाऊक नाही. ड जीवनसत्त्व फार कमी आहे. रोज एक गोळी घ्यावी. सारे टळेल ऐसी हमी नाही, पण धोका उणा व्हावा ही उमेद आहे. रक्तदाब मी मोजत राहीन." राणीसाहेबी रुकार दिला.

मग गोळी रोज चांदीचे वाटीत निघो लागली. परंतु रिवाज ऐसा की, राणीचे मुखी जे जाणे ते विषाचे भयास्तव आधी भिवराबाई चाखणारणीचे मुखी जावे; बाई गुडघ्यांनी हैराण, काठी टेकीत चालावयाच्या. गोळी इवली, तेलाची, मोडता येईना. मग भिवराबाईंनी अख्खी गिळावी, आणि "निर्धोक" म्हणावे, आणि कारभाऱ्यांनी "गोळी पावली" ऐसे पडद्यापाशी कळवावे. राणीसाहेबांस वाटे, रोज येत्ये त्या खिरीत घातली असेल. काय म्हणावे या शहाण्यांस! ऐसे दोन महिने लोटले, आणि रक्त पुन्हा तपासिले तो सुधारणा काडीची नाही, कंबर ठणके ती निराळीच. बाईंचा जीव थोडा थोडा जाहला.

तो भिवराबाई गडाच्या पायऱ्या टणाटण चढोन सदरेवर आल्या. डाक्तरीणबाई म्हणाल्या, "भिवराबाई, काठी कोठे?"

"काठी कशास? राणीसाहेबांची गोळी गुडघ्यांस लागू पडली की मला."

मग राणीसाहेबी आपले हाती पडदा सारिला आणि बोलिल्या, "माझे लेकरू गेले तर तुमचा रिवाज ते आणोन देणार काय? द्या इकडे."

कारभारी चाचरले, "परंतु विष असले तर?"

भिवराबाई म्हणाल्या, "असते तर मी आज ताठ उभी असते का?"

आणि राणीसाहेबी सर्वांदेखत गोळी गिळिली, आणि रोज गिळिली, आणि सकाळी चौकात उन्हास बसो लागल्या, आणि डाक्तरीणबाई रक्तदाब मोजीत राहिल्या. दिवस पुरे भरोन कन्या जाहली. तिचा टाहो सदरेपावेतो ऐकू आला, तेव्हा बाई मागील सारे रडोन घेत्या जाहल्या.

एवंच, औषध ज्याचे त्याचे पोटी गेले आणि लेकरू मांडीवर आले. भिवराबाईंसही तपासोन गोळ्यांची निराळी डबी मिळाली. राजकन्येने पहिले ऊन त्यांचेच मांडीवर घेतले.