खुर्चीला बोटं होती

जुना फोटो माझ्या हातात द्या, पाच मिनिटांत मी तुम्हाला त्याची कुंडली मांडून देतो! कोणत्या काळातला, कोणत्या कागदावरचा, मागचा पडदा रंगवलेला की खरा, सगळं. बावीस वर्षं संग्रहालयाच्या छायाचित्र विभागात घालवली आहेत. माझ्या दोन्ही डोळ्यांचे नंबर तिथेच वाढले, पगार मात्र त्या मानाने वाढला नाही. तरीही हे मी अभिमानाने सांगत असे. 'असे' म्हणतोय, हे लक्षात घ्या. आता कोणी नुसतं "एक जुना फोटो दाखवायचा होता" म्हटलं, की मला भिंतीला टेकून बसावंसं वाटतं.

सुरुवात साहेबांपासून झाली. साहेब म्हणजे आमचे संचालक. त्यांनी एका सोमवारी मला बोलावलं आणि म्हणाले, "लोक येत नाहीत हो! काहीतरी विलक्षण पाहिजे. जुन्या फोटोंमधल्या गमती, असं प्रदर्शन करू. तीन आठवडे आहेत तुमच्याकडे."

"तीन आठवडे?"

"बरं, मग दोन करा."

मी तीनवर समाधान मानून बाहेर पडलो.

माझ्या आत्याकडे एक फोटो होता. आत्या ब्याऐंशी वर्षांची. फोटोत तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, नऊ महिन्यांचे. फुलाफुलांच्या कापडाने झाकलेल्या उंच खुर्चीवर टेचात बसलेले. हा फोटो मी लहानपणापासून शंभर वेळा पाहिलेला. पण त्या दिवशी सवयीने भिंग लावलं आणि दचकलो. आजोबांच्या पोटावर कापडातून चार बोटं बाहेर आली होती!

"आत्या," मी म्हणालो, "ही खुर्ची नाहीये. खुर्चीला बोटं नसतात."

"तुझं काम वाढलंय रे फार," आत्या म्हणाली. "चहा घेतोस का?"

मग मी तिला समजावून सांगितलं. त्या काळी फोटो निघायला काही सेकंद लागायचे. तान्ही मुलं तेवढा वेळ स्थिर बसायची नाहीत. मग आईलाच कापडाखाली झाकून खुर्चीसारखं बसवायचे आणि मूल तिच्या मांडीवर द्यायचे. आई आत, मूल बाहेर!

आत्याचा कप बशीतच राहिला. तिची आजी बाळाला दोन वर्षांचं करून गेली होती. तिचा एकही फोटो नव्हता. "आईचा चेहरा आठवत नाही," हे आजोबा म्हातारपणीसुद्धा म्हणायचे, आणि म्हणून झालं की खिडकीबाहेर बघत बसायचे. आत्याने भिंग घेतलं. बराच वेळ त्या बोटांकडे बघितलं. मग फोटो वर उचलला आणि त्या बोटांचा मुका घेतला.

मलाही गहिवरून आलं. माणसाने अशा वेळी गप्प बसावं. मी म्हणालो, "बघू, आणखी काय करता येतंय ते!"

"काय करणार? तो कपडा काढ की."

"आत्या, तो फोटोतला कपडा आहे."

"मग काय झालं? परवा तुझ्या बायकोने फोटोतून शेजारीण काढून टाकली. अख्खी शेजारीण निघते आणि एक कपडा निघत नाही?"

मी मुकाट्याने फोटोची प्रत काढून घेतली. रोज सकाळी तिचा फोन यायला लागला. "निघाला का कपडा?" जणू मी वाळत घातला होता! आठव्या दिवशी मी शरण गेलो आणि ती प्रत घेऊन आमच्या डिझायनर मुलीकडे गेलो. ऑफिसात तिला सगळे पिक्सेल म्हणतात. ती म्हणाली, "सर, कपड्याखाली काही नसतं हो, कपड्याखाली कागद असतो. पण कल्पनाचित्र करता येईल. घरातल्या कोणाचा तरुणपणीचा फोटो असेल तर चेहरा जवळपास जाईल."

"आत्याचा घे. घरी फोन करून मागव," एवढं म्हणून मी चाळीस फोटोंच्या पाट्या लिहायला पळालो. इथे माझी चूक झाली. माझ्या चुका नेहमी दुसऱ्याला काम सांगून पळताना होतात.

पिक्सेलने आत्याला एकदा ऑफिसात पाहिलं होतं. पांढरे केस, हातात काठी, म्हणून तिने माझ्या बायकोला अगदी अदबीने निरोप पाठवला: 'आजींचा तरुणपणीचा, समोरून काढलेला फोटो हवाय.' आमच्या घरात मुलांची आजी म्हणजे माझ्या सासूबाई! बायकोने कपाट उपसून, धूळ झटकून, स्वतःच्या आईचा लग्नाआधीचा फोटो पाठवून दिला. मला विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी "हो हो" म्हणालो असतो, हेही खरंच.

उद्घाटनाला सहा फुटी चित्र पडद्याआड उभं होतं. खाली पाटी: 'झाकलेली आई: कल्पनाचित्र'. चित्र मी आधी पाहायला हवं होतं. पण मी आदल्या दिवशी खिळे मोजत होतो. साहेबांनी पडदा ओढला. टाळ्या! आणि समोर, मांडीवर माझे तान्हे आजोबा घेऊन, माझ्या सासूबाई!

माझे हात टाळी वाजवता वाजवता हवेतच थांबले.

पहिल्या रांगेत आत्या होती. ती काठी टेकत पुढे गेली, मान वर करून बघत राहिली आणि रडायला लागली. "अगं बाई, बाबांचेच डोळे! हनुवटी तर हुबेहूब!"

दुसऱ्या रांगेतून माझ्या बाहीला झटका बसला. "जावईबापू," सासूबाई कुजबुजल्या, "ही मी आहे."

"माहीत आहे. हळू बोला."

"पण मी तुमच्या आजोबांना मांडीवर कशाला घेऊ?"

"आई, पाया पडतो तुमच्या. आत्याकडे बघा आणि गप्प राहा."

त्यांनी आत्याकडे बघितलं. भल्या बाई आहेत, गप्प राहिल्या. तसं पाहिलं तर चित्रात त्या फारच देखण्या दिसत होत्या. त्यामुळे गप्प राहिल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. चित्राशेजारी चेहऱ्याचा तोच कोन करून उभ्या राहायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या, "काही ओळखीचं वाटतंय का?" आत्याची यायची वेळ सकाळी, सासूबाईंची दुपारी. या दोघी समोरासमोर येऊ नयेत म्हणून मी दिवसभर जिना चढत-उतरत होतो. गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. घरी बायको म्हणायची, "आईला किती आनंद झालाय! तुम्ही इतका विचार कराल असं वाटलं नव्हतं." मीही "मलाही वाटलं नव्हतं" असंच म्हणणार होतो.

इतक्यात वर्तमानपत्रात चित्रासकट बातमी आली, आणि ती वाचून एक गृहस्थ जाड वही बगलेत धरून आले. त्यांच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. आमच्या फोटोच्या कोपऱ्यात त्याच स्टुडिओचा शिक्का. ते आले तेव्हा सकाळ होती आणि आत्या चित्रासमोर खुर्ची टाकून बसली होती.

"प्रत्येक फोटोची नोंद आहे यात," ते उत्साहाने म्हणाले आणि मी डोळ्यांनी खुणावत असतानाच मोठ्याने वाचू लागले. "बालक एक, वय नऊ महिने. मातोश्रींचा कापडाखाली बसण्यास साफ नकार. सबब खुर्चीत आपला दरवान बसविला. दरवान शिंकल्याने फोटोची एक काच वाया गेली."

आत्या माझ्याकडे बघत होती.

"दरवान?"

"तसं लिहिलंय खरं."

"म्हणजे मी तीन आठवडे रोज सकाळी उठून दरवानाच्या हाताचे मुके घेतले?"

मनातल्या मनात मी राजीनाम्याचा मसुदा करत होतो. "आणि ही?" तिने काठी चित्राकडे रोखली. "ही कोण मग?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "माझ्या सासूबाई."

आत्याने चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे. "तरीच," ती म्हणाली, "कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती." पण आवाजात काही दम नव्हता. एवढीशी झाली होती ती खुर्चीत. आजी सापडली होती आणि माझ्यामुळे पुन्हा हरवली होती. मला फार वाईट वाटलं, खरंच.

वहीवाले गृहस्थ ओशाळले. "अजून एक ओळ आहे," ते चाचरत म्हणाले. "मातोश्री कॅमेऱ्याच्या डावीकडे उभ्या राहून खुळखुळा वाजवीत होत्या. त्यामुळे बालकाने समोर पाहिले नाही. तरी फोटो पसंत."

"परत वाचा," आत्या म्हणाली.

त्यांनी वाचलं. आत्याने पिशवीतून मूळ फोटो काढला, माझ्याकडून भिंग घेतलं. या वेळी बोटांकडे नाही, बाळाच्या तोंडाकडे बघितलं. बाळ मान वळवून, फोटोच्या चौकटीबाहेर कुठेतरी बघत दोन दातांनी हसत होतं. आम्ही पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो, की आजोबांनी फोटो बिघडवला.

"तिच्याकडे बघतायत," आत्या म्हणाली. "बाबांनी बघितलं होतं तिला. नीट बघितलं होतं." मग पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने ओठही जरा घासून पुसले. "चल, घरी सोड मला. आणि चहा पाज आधी."

मी समजलो, सुटलो! पण साहेब मागेच उभे होते.

"उत्तम!" ते म्हणाले. "ही तर आणखी मोठी बातमी! चित्र अजिबात काढायचं नाही, गर्दी होतेय. फक्त पाटी बदला."

"साहेब, चित्रात माझ्या..."

"आत्ताच्या आत्ता बदला."

नोकरीचा प्रश्न होता. मी पाटी बदलली आणि आत्याला घरी सोडायला गेलो. दुपारी नेहमीच्या वेळेला सासूबाई भजनी मंडळातल्या अकरा मैत्रिणींना घेऊन संग्रहालयात पोहोचल्या. चित्राखाली नवी पाटी होती: 'स्टुडिओचा दरवान: कल्पनाचित्र'.

त्यानंतर चार दिवस घरात माझ्याशी कोणीही एक अक्षर बोललं नाही. हे मी बायकोला सांगणार नाही, पण तुम्हाला सांगतो: वर्षभरात इतकी विश्रांती मला मिळाली नव्हती.