चौथ्या मजल्यावर समक्ष

लिफ्टमनला जिना चढता येत नाही, ही गंभीर बाब निदर्शनास येताच कार्यालयाने त्याला कामावरून कमी केलं. नियम स्वच्छ होता: लिफ्ट बंद पडल्यास लिफ्टमनने जिन्याने जाऊन वरिष्ठांना कळवावं. या लिफ्टमनचे, म्हणजे मामाचे, तर दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्याच्या कारकिर्दीत लिफ्ट एकदाही बंद पडली नव्हती. तो गेला आणि पडली, कारण चालवायला माणूसच उरला नाही.

सरकारने मामाला वाऱ्यावर सोडलं असं मात्र कुणी म्हणू नये. कामास अपात्र ठरलेल्यांसाठी भत्त्याची योजना होती. घरातली चूल आणि बायकोचं दम्याचं औषध आता त्या भत्त्यावरच चालायचं होतं. अर्जदाराने फक्त समक्ष हजर राहायचं. चौथ्या मजल्यावर.

मामाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि कळवळून खाली बसला.

"साहेबांनाच खाली बोलवा की," बायको शिपायाला म्हणाली.

"साहेबांना जिना झेपत नाही, बाई. गुडघे."

"मग त्यांना नाही कुणी काढलं?"

"काढायचं पत्र त्यांच्याच सहीने निघतं ना!"

मागे माणसं खोळंबली होती. एक मास्तर, एक ठेकेदार, एक शिंपीणबाई. सगळ्यांना चौथ्यावरच जायचं होतं आणि सगळ्यांचे डोळे मामाच्या खिशाकडे. लिफ्टची चावी अजून तिथेच होती. ती जमा करून घेणारं टेबलही चौथ्याच मजल्यावर होतं.

"मामा, चला हो," ठेकेदार म्हणाला. "तुमचंही काम, आमचंही."

"तुम्हाला एक पायरी चढवत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय," मास्तरांनी छातीवर हात ठेवला. "साहेबांच्या तोंडावर सांगू!"

मामा विरघळला. चावीने लिफ्ट उघडली, बाहीने आतल्या स्टुलावरची धूळ पुसली, बसला आणि सवयीने म्हणाला, "दरवाजापासून लांब."

"वर कसे आलात?" चौथ्यावर साहेबांनी विचारलं.

"जिना चढवत नाही, साहेब. लिफ्टने आलो."

"चालवली कुणी?"

"मीच."

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे काम केलंत! अपात्र माणूस काम करत नसतो. भत्ता नामंजूर."

"मग नोकरी परत द्या."

"कशी देणार? तुम्हाला जिना चढता येत नाही."

"अहो, तेच तर मी सांगतोय!"

"ते नोकरीच्या नियमात. भत्त्याच्या नियमात तुम्ही धडधाकट आहात. नसाल, तर साक्षीदार दाखवा."

मामा वळला. मास्तर भिंतीवरचं घड्याळ वाचत होते. ठेकेदाराच्या बुटाची नाडी सुटली होती. शिंपीणबाईंना खोकला आला.

"बोला की!" बायको कडाडली. "आत्ता खाली तोंड फाटेस्तोवर बोलत होतात!"

"बाई, आमचेही कागद ह्याच टेबलावर आहेत," मास्तर पुटपुटले.

मामा भिंत धरत लिफ्टपाशी आला आणि स्टुलावर बसला. बायको शेजारी उभी, श्वास वरवर चाललेला. थोड्या वेळाने तीच मंडळी कामं उरकून आली आणि एकेक करून आत शिरली.

"फार अन्याय झाला हो तुमच्यावर," मास्तर हळहळले. "व्यवस्थाच सडलीय. तळमजला."

तुम्हालाही वाईट वाटलंच असेल. या, एकाची जागा आहे अजून. दरवाजापासून लांब. तळमजलाच ना?